घरदुरुस्तीचा ठेका : ओळखीवर विश्वास आहे, पण चौकशीचे काय?

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात घरदुरुस्तीच्या कामांना जोर येतो. गळकी कौले उतरवून स्लॅब टाकणे, ओल आलेल्या भिंतींना नवे प्लॅस्टर करणे, जुन्या फरशीच्या जागी टाईल्स बसवणे, वरचा मजला चढवणे अशी कामे एप्रिल-मेच्या दोन महिन्यांत उरकण्याची घाई प्रत्येकाला असते. या घाईत बहुतेक कामे ज्या पद्धतीने दिली जातात, ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही. शेजारी, भावकीतील कोणी किंवा दुकानदार एखाद्या मिस्त्रीचे नाव सुचवतो, मिस्त्री येऊन जागा पाहतो, चौरस फुटाचा दर तोंडी ठरतो, हातावर उचल ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी वाळूचा ट्रक दारात उभा राहतो. हा मनुष्य यापूर्वी कोणाकोणाकडे काम करून आला, ती कामे आज कोणत्या अवस्थेत आहेत आणि ते घरमालक त्याच्याविषयी काय सांगतात, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही.

हा प्रश्न सीमाभागापुरता मर्यादित नाही. चोर्ला आणि अनमोड या दोन घाटांतून गोव्यात उतरणाऱ्या गवंडी, सेंट्रिंग कामगार, रंगारी आणि टाईल्स कारागिरांत बेळगाव-खानापूर परिसरातील माणसे मोठ्या संख्येने आहेत. चतुर्थीपूर्वी घर रंगवून घेणाऱ्या गोमंतकीय कुटुंबाचा मिस्त्री अनेकदा घाटापलीकडचाच असतो. त्यामुळे बेळगावात ठेकेदाराची चौकशी कशी होते, किंवा का होत नाही, याच्याशी गोव्यातील घरमालकाचाही थेट संबंध आहे.

कोसळल्यानंतरची चौकशी

या परिसराने जे पाहिले ते विसरण्यासारखे नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ३१ जणांचा मृत्यू झाला. १९ मार्च २०१९ रोजी बेळगावपासून सुमारे ८० किलोमीटरवरील धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकामाधीन व्यापारी संकुल कोसळले आणि १९ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही इमारती मोठ्या होत्या, त्यांच्या परवानग्या, बांधणारे आणि तपास यांचे स्वरूप घरदुरुस्तीच्या कामापेक्षा वेगळे होते. तरीही एक गोष्ट समान दिसते. बांधणारा कोण, त्याने याआधी काय बांधले आणि कामावर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न सार्वजनिक चर्चेत आले ते ढिगारा उपसण्याचे काम सुरू झाल्यावर.

घरांच्या बाबतीत बेळगाव जिल्ह्याचा अनुभव अधिक जवळचा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, मार्कंडेय या नद्यांच्या काठावरील गावांत हजारो घरे पडली वा खिळखिळी झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसात घर कोसळून सात जणांचा बळी गेला. भिजलेल्या मातीच्या भिंतीत किती जोर उरला आहे, तिच्यावर नवे छप्पर चढवावे की ती आधी उतरवावी, हा निर्णय बहुतेक घरांत गवंड्याच्या सल्ल्यानेच होतो. तो गवंडी जुन्या बांधकामाचा जाणकार आहे की केवळ नवे प्लॅस्टर करणारा, हे आधी तपासणे म्हणूनच पैशाइतकेच जिवाच्याही सुरक्षिततेचे काम ठरते.

महापुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. ही रक्कम एकरकमी हाती न देता काम पुढे सरकेल तसतशी टप्प्याटप्प्याने देण्याचे धोरण होते. त्या धोरणातील विलंबावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्यामागील तत्त्व घरमालकाने उचलण्याजोगे आहे. सरकार आपला पैसा काम पाहून सोडते. सामान्य माणूस मात्र आयुष्याची पुंजी काम सुरू होण्यापूर्वीच उचल म्हणून देऊन बसतो.

सरकारी निविदा आणि घरचा व्यवहार

सरकारी कामांबाबत हा फरक अधिकच ठळक होतो. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेसाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी असते. मोठ्या निविदेत भाग घेणाऱ्याने याआधी तशाच स्वरूपाचे काम केल्याचे दाखले द्यावे लागतात, आर्थिक उलाढाल दाखवावी लागते, अनामत रक्कम भरावी लागते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पूर्वानुभवाचा पुरावा मागणे हा ठेकेदाराचा अपमान आहे, असे तेथे कोणी मानत नाही.

घरच्या व्यवहारात नेमके हेच मानले जाते. "आपल्याच माणसाला पुरावा काय मागायचा?" या एका वाक्यापाशी चौकशी थांबते. सीमाभागातील मराठी समाजात ही भिडस्तपणाची भावना अधिक घट्ट असण्याला कारण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या भाषेच्या माणसाला धरून राहणे ही येथील समाजाची सवय आणि गरजही झाली. आपल्या भाषेत बोलणारा मिस्त्री आपोआप विश्वासाचा वाटतो. भाषेची ही ओळख मोलाची आहे, परंतु तो स्लॅबमधील सळई योग्य अंतरावर बांधतो की नाही, याची ग्वाही ती देऊ शकत नाही.

कायदाही येथे घरमालकाच्या मदतीला फारसा धावून येत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यामुळे सदनिका विकणाऱ्या बिल्डरला प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि ताबा दिल्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून द्यावे लागतात. मात्र हा कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांचा आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प त्याच्या नोंदणीतून वगळलेले आहेत, तसेच विक्री अभिप्रेत नसलेली दुरुस्ती आणि नूतनीकरणही. परिणामी, फ्लॅट घेणाऱ्याला ठेकेदाराची माहिती संकेतस्थळावर मिळू शकते. स्वतःच्या जागेत स्वतःचे घर दुरुस्त करणाऱ्याला ती स्वतःच्या पायांनी फिरून मिळवावी लागते.

सीमेमुळे वाढणारी गुंतागुंत

निपाणीचे भौगोलिक स्थान पाहिले की या गुंतागुंतीची कल्पना येते. शहर कर्नाटकात, पण कोल्हापूर अवघ्या ४० किलोमीटरच्या आसपास. कागल, गडहिंग्लज येथील कारागीर निपाणीत आणि निपाणीचे कारागीर पलीकडे रोजच ये-जा करतात. चंदगडचा गवंडी बेळगावात काम करतो आणि बेळगावचा ठेकेदार फोंड्यात. काम अर्धवट टाकून माणूस निघून गेला, की तो दुसऱ्या राज्यात राहत असल्याचे घरमालकाच्या लक्षात येते. पत्ता माहीत नसतो, मोबाईल बंद असतो आणि ज्याने नाव सुचवले तो हात वर करतो.

दुसरी अडचण कागदाची आहे. करार झालाच, तर तो अनेकदा बाँड लिहिणाऱ्याकडे तयार असलेल्या कन्नड मसुद्यावर होतो. बोलणी मराठीत आणि सही कन्नड मजकुराखाली, असा हा प्रकार असतो. पुढे वाद झाला की बोलण्यात काय ठरले होते आणि कागदावर काय उतरले आहे, यातील अंतर समोर येते. करार कोणत्याही भाषेत असू शकतो. पण ज्या भाषेतील मजकूर आपल्याला वाचता येत नाही त्याखाली सही करण्यापूर्वी तो शब्दशः समजून घेणे, आणि शक्य असल्यास मराठी प्रतीवरही दोघांच्या सह्या घेणे, हे घरमालकाच्याच हिताचे आहे.

तिसरी बाब जीएसटी क्रमांकाची. ठेकेदार बिल देतो, त्यावर पंधरा अक्षरी क्रमांक असतो आणि तो पाहून ग्राहक निश्चिंत होतो. या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकासाठी २९, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. त्यापुढील दहा अक्षरे म्हणजे त्या व्यक्तीचा वा संस्थेचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, कधी झाली आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. दहा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याची नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची निघाली, तर किमान एक प्रश्न विचारण्यास जागा आहे. अर्थात, सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्यास ही नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही. त्यामुळे क्रमांक नाही म्हणून मिस्त्री खोटा ठरत नाही आणि क्रमांक आहे म्हणून त्याचे प्लॅस्टर टिकाऊ ठरत नाही.

विचारायचे काय आणि कोणाला?

ठेकेदाराकडे जुन्या कामांची यादी मागितली तर तो आपली उत्तम कामेच दाखवणार, हे उघड आहे. कधी कधी दाखवलेले घर त्याच्या नातेवाइकाचेच असते. म्हणून यादी मागताना ती कोणत्या प्रकारची हवी, हे घरमालकाने ठरवले पाहिजे. नुकतेच संपलेले एक काम, किमान दोन पावसाळे खाल्लेले एक काम आणि सध्या सुरू असलेले एक काम, असे तीन पत्ते मागितले की चित्र बरेच स्पष्ट होते.

नव्या कामावरून हात किती सफाईदार आहे ते कळते. दोन पावसाळे काढलेल्या घरात स्लॅबच्या कोपऱ्यात ओल आहे का, न्हाणीघराच्या बाहेरील भिंतीला पोपडे आले आहेत का, खिडकीच्या वरच्या बाजूला तिरप्या भेगा आहेत का, हे डोळ्यांनी पाहता येते. बेळगावचा पाऊस अशा कामाची परीक्षा घेतो, गोव्याचा तर त्याहून कठोर. सुरू असलेल्या कामावर मात्र सर्वांत जास्त शिकायला मिळते. सिमेंटची पोती ओल्या जमिनीवर पडली आहेत की फळ्यांवर रचली आहेत, स्लॅबवर आळी करून पाणी साठवले आहे की केवळ सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवला जातो, सेंट्रिंगचे टेकू धड उभे आहेत का आणि कामगार उंचीवर कशाच्या आधाराने उभे आहेत, हे पाहण्यास अभियंत्याचे शिक्षण लागत नाही.

जुन्या घरमालकाला "काम बरे केले का?" असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही "बरे केले" असेच येते. प्रश्न नेमके हवेत. ठरलेला खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांत किती फरक पडला? वाढीव कामाचा दर आधी सांगितला की शेवटी? काम मध्येच बंद पडले होते का आणि किती दिवस? दोष निघाल्यावर फोन केला तेव्हा तो आला का? पुन्हा घर बांधायचे झाले तर त्यालाच बोलावणार का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर त्या थांबण्यातच उत्तर असते.

आणखी एक साक्षीदार आहे, ज्याच्याकडे कोणी जात नाही. तो म्हणजे सिमेंट-सळई आणि हार्डवेअरचा दुकानदार. कोणता ठेकेदार मालाचे पैसे वेळेवर चुकते करतो आणि कोण एका घराच्या उचलीतून दुसऱ्या घराची उधारी भागवतो, हे त्याला ठाऊक असते. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामात फिरवणे हे अर्धवट राहणाऱ्या कामांमागील नेहमीचे कारण आहे, आणि ते कामाच्या दर्जावरून नव्हे, उधारीच्या वहीवरून कळते. न्यायालयीन वाद आहे का, हे पाहायचे असल्यास ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. मात्र सारख्या नावांची माणसे अनेक असतात, त्यामुळे केवळ नाव जुळले म्हणून निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

दुसरी बाजू

या सगळ्यात ठेकेदार म्हणजे संशयित असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. घरमालकांकडून फसलेले मिस्त्रीही प्रत्येक गावात आहेत. काम पूर्ण झाल्यावर खोट काढून शेवटचा हप्ता बुडवणे, तोंडी सांगून वाढीव काम करून घेणे आणि मग "हे मी कुठे सांगितले?" म्हणणे, हे प्रकार नवे नाहीत. कागद नसेल तर तोटा दोघांनाही होतो.

सार्वजनिक कामातही याचे विदारक उदाहरण बेळगावने पाहिले आहे. एप्रिल २०२२ मध्ये बेळगावचे ठेकेदार संतोष पाटील यांचा उडुपी येथे मृत्यू झाला. हिंडलगा गावात केलेल्या सुमारे ४ कोटी रुपयांच्या रस्तेकामांचे पैसे मिळत नसल्याची त्यांची तक्रार होती आणि त्यांनी तत्कालीन ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांच्यावर आरोप केले होते. ईश्वरप्पा यांनी आरोप नाकारले, मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढे पोलिसांनी पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. आरोपांचा भाग बाजूला ठेवला तरी त्या वादातील एक मुद्दा ठळक राहतो. या कामांचा लेखी कार्यादेशच नव्हता, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. तोंडी शब्दावर काम सुरू करणाऱ्याची अवस्था किती असहाय होऊ शकते, हे त्या प्रकरणाने दाखवले.

नव्याने धंद्यात उतरलेल्या तरुण गवंड्याचा प्रश्नही आहे. जुन्या कामांचे दाखलेच मागायचे तर त्याला पहिले काम मिळणार कसे? त्याचे उत्तर असे की तो ज्या मुकादमाच्या हाताखाली शिकला त्याच्याकडे विचारणा करावी, पहिल्यांदा लहान काम द्यावे आणि पैसे हप्त्यांत द्यावेत. चौकशीचा हेतू नव्या माणसाला बाहेर ठेवण्याचा नसून त्याच्यावर किती भार टाकावा, हे ठरवण्याचा आहे.

वाद झालाच तर

चौकशी करूनही फसगत होऊ शकते. अशा वेळी घरमालक सर्वप्रथम पोलीस ठाणे गाठतो आणि तेथे "हा दिवाणी वाद आहे" असे ऐकून परततो. काम अर्धवट सोडणे म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दिसावे लागते, अशी न्यायालयांची भूमिका आहे.

त्या मानाने ग्राहक आयोगाची वाट सोपी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट समावेश आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्कही नाही. सीमाभागासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद म्हणजे तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. निपाणीच्या घरमालकाला कोल्हापूरच्या ठेकेदारासाठी कोल्हापूरला खेटे घालण्याची गरज नाही. गोव्यातील कुटुंबाला बेळगावच्या ठेकेदाराविरुद्ध पर्वरी किंवा मडगाव येथील आयोगाकडे जाता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ती "उद्या येतो, परवा येतो" या आश्वासनांत सहज निघून जाते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक उपलब्ध आहे.

आयोगापुढे उभे राहण्यासाठी पुरावा लागतो, आणि तो वाद झाल्यावर तयार करता येत नाही. ठेकेदाराचे पूर्ण नाव, कायमचा पत्ता आणि ओळखपत्राची प्रत, कामाची बाबवार यादी, सिमेंट-सळईचा प्रकार, दर, मुदत, वाढीव कामाचा दर आणि दोषदुरुस्तीचा कालावधी या गोष्टी दोन पानांत मावतात. पाया, स्लॅब, प्लॅस्टर, फरशी अशा टप्प्यांना हप्ते बांधून द्यावेत. रक्कम बँकेतून गेली की तिची नोंद राहते. एकूण रकमेचा काही भाग एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट दोघांना मान्य असेल, तर काम करणाऱ्याचाही हात आपोआप सावध राहतो. वजनदार काम, भिंत पाडणे किंवा मजला चढवणे असेल, तर परवाना आणि अभियंत्याचा सल्ला टाळून वाचवलेले पैसे पुढे अनेक पटींनी मोजावे लागतात.

स्थानिक संस्थांनीही येथे थोडे पुढे येण्यास हरकत नाही. बेळगाव महानगरपालिका, निपाणी नगरसभा आणि ग्रामपंचायतींकडे बांधकाम परवान्यासाठी अर्ज येतातच. काम कोण करणार, त्याचा पत्ता काय, ही नोंद त्याच अर्जात घेऊन ती नागरिकांना पाहण्यास खुली ठेवली, तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक गावाकडे आपल्या ठेकेदारांच्या कामांची एक यादी तयार होईल. गोव्यातील पंचायतींनाही हे करणे अवघड नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त अर्जात दोन ओळी वाढवाव्या लागतात. चांगले काम करणाऱ्या मिस्त्रीलाही त्याचा लाभ होईल, कारण आज त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला केवळ ऐकीव असतो.

तोपर्यंत ही चौकशी घरमालकालाच करावी लागणार. सोयरीक जुळवताना या भागात अजूनही चार घरे विचारपूस केली जाते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. घर बांधणाऱ्याविषयी तीन घरी विचारायला एक रविवार पुरतो. पहिली उचल देण्याआधीचा रविवार त्यासाठी राखून ठेवला, तर पुढचे कितीतरी रविवार आयोगाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करण्यात जाणार नाहीत.